फांदी उलटून पाहिली तर

बायकोचे मामा कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवत होते. बायको अमेरिकेत व्हरमाँट राज्यात जंगलांच्या पाहणीचं काम करते. रानात हिंडून रोपांच्या याद्या करण्याचा पगार मिळतो, हे मामांना अजून पुरतं पटलेलं नाही. ऑक्टोबरात ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच रविवारी मामा-भाचीत जुंपली ती लायकोपोडियमवरून. मी संगणकवाला. माझा लायकोपोडियमशी संबंध अकरावीच्या फिजिक्सपुरता. ओलेइक आम्लाच्या रेणूचा आकार काढायच्या प्रयोगात पाण्यावर जी पिवळसर भुकटी भुरभुरतात, ती लायकोपोडियम पावडर. पुढे त्याच नावाच्या होमिओपॅथीच्या गोळ्याही खाल्ल्या. ती भुकटी कुठल्या रोपाचे बीजाणू असतात आणि ते रोप दिसतं कसं, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

इथल्या रानात ते पायाखाली येतं. साखरेचा मेपल, बीच आणि हेमलॉक यांच्या सावलीत, गळलेल्या पानांतून वीतभर उंचीची गर्द हिरवी रोपटी वर आलेली असतात. खोड सरळ, वर आडव्या फांद्यांचा पसारा, काहींच्या शेंड्यावर फिकट पिवळे उभे शंकू. लांबून पाहिलं तर पाइनची रोपवाटिका वाटेल. इथले लोक त्यांना प्रिन्सेस पाइन म्हणतातही, पण पाइनशी त्यांचा संबंध नाही आणि शेवाळाशीही नाही. त्यांना फूल येत नाही, बी धरत नाही. ज्या घराण्याची ही रोपटी, ते घराणं इतर वाहिनीयुक्त वनस्पतींपासून चाळीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळं निघालं. त्याच घराण्यातले तीस-तीस मीटर उंचीचे लेपिडोडेंड्रॉन कोळशाच्या खाणींत दगड होऊन पडले आहेत.

दोघांचं बोलणं जमेल तसं लिहून ठेवलं आहे. मधेमधे मी तोंड घातलंय, ते माफ करावं.

मामा : हे लायकोपोडियम ऑब्स्क्युरम. लिनिअसचं नाव, १७५३ सालचं. आम्ही शिकवायचो ते क्लॅव्हेटम आणि सर्नुअम, पण याचं चित्र पुस्तकात असायचं. लिही आणि चल पुढे.

भाची : ऑब्स्क्युरम ते पलीकडचं, दगडी बांधाजवळचं. हे हिकीआय.

मामा : एकच तर दिसतंय.

भाची : वरून एकच दिसतं. फांदी उलटून बघा. ही अशी. आता त्या बांधाजवळच्या रोपाची उलटा.

मामांनी खिशातून भिंग काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते खिशात असतं. दोन्ही फांद्या त्यांनी बराच वेळ न्याहाळल्या.

मामा : हं. एकीची फांदी गोल आहे, दुसरीची चपटी.

भाची : ती वरवरची खूण झाली. खरं बघायचं ते पानांच्या रांगा. दोन्हींच्या फांदीवर पानांच्या सहा रांगा असतात. एक वर, एक खाली आणि चार बाजूंना. हिकीआयमध्ये सगळ्या रांगांतली पानं सारख्या लांबीची, त्यामुळे फांदी कुठूनही पाहा, तशीच दिसते. ऑब्स्क्युरममध्ये खालच्या रांगेतली पानं खुरटलेली आणि बाजूची बुडाशी पीळ पडून आडवी झालेली. म्हणून तिची फांदी चपटी, आणि म्हणूनच तिला पाठ आणि पोट असतं.

मामा : पान केवढं?

भाची : अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास.

मामा : म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरच्या पानाची एक रांग आखूड निघाली, तेवढ्यावर तुम्ही वेगळी जात उभी केलीत! अगं, हापूस आणि पायरी तर आंधळ्यालाही वासावरून वेगळे सांगता येतात. रंग वेगळा, चव वेगळी, भाव तर वेगळाच. तरी दोघांचं शास्त्रीय नाव एकच, मँजिफेरा इंडिका. त्यांच्या दोन जाती करा असं कोणी म्हणत नाही.

भाची : हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री देता का तुम्ही?

मामा : नाही. म्हणून तर कलम करतात.

भाची : मग झालं. हापूस हापूस राहतो तो कलम करणाऱ्याच्या हातामुळे. या रोपांना कोणी कलम करत नाही. बीजाणू वाऱ्यावर उडतात, कुठेतरी पडतात, जमिनीत जातात आणि तिथून नवं रोप येतं. तरी गोल फांदीवाल्या रोपाचं घराणं गोल राहतं, चपटीवाल्याचं चपटं. माणसाने न राखता जो फरक टिकतो तो मला हापूस-पायरीच्या फरकाहून मोठा वाटतो, मग पान केवढं का असेना.

मामा : ‘घराणं गोल राहतं’ हे तुला कसं कळलं? बीजाणू पेरून पाहिलेस?

भाची : नाही पाहिले. ते कोणालाच सोपं नाही.

इथे मामांनी मला उद्देशून छोटंसं लेक्चर दिलं. ते या वादाच्या मुळाशी आहे, म्हणून देतो. बीजाणूपासून सरळ रोप येत नाही. आधी येतो गॅमिटोफाइट, एक बारकासा मांसल गोळा. लायकोपोडियम गटात तो जमिनीखाली वाढतो. त्यात हरितद्रव्य नसतं, बुरशीच्या जिवावर तो जगतो. क्लॅव्हेटममध्ये बीजाणू रुजायलाच कित्येक वर्षं लागतात आणि गॅमिटोफाइट पक्व व्हायला बारा-पंधरा. त्याच्यावर फलन होतं आणि मग कुठे आपण ज्याला रोप म्हणतो ते मातीतून डोकं काढतं. ‘एक पिढी बघायची तर माझी अर्धी नोकरी गेली असती,’ मामा म्हणाले.

मामा : म्हणजे पेरून पाहता येत नाही. मग मी सांगतो ते ऐक. सावलीतलं झाड पानं पसरून आडवी धरतं, कारण उजेड वरून येतो. उन्हातल्याला तशी गरज नसते. तुझं चपटं म्हणजे सावलीतलं आणि गोल म्हणजे उजेडातलं. झाड एकच. फरक जागेचा आहे, रक्ताचा नाही.

भाची : म्हणून तर तुम्हाला या जागी आणलं. बांध ते इथपर्यंत किती पावलं आहेत? वर तोच मेपल, खाली तीच माती आणि ओल तीच. इथे गोल आहे आणि तिथे चपटं. जागेमुळे होत असतं तर दोघं इथे सारखे दिसायला हवे होते.

मामा : एका ठिकाणावरून निष्कर्ष?

भाची : अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. आणि ही पद्धत माझी नाही. मिशिगन विद्यापीठात हर्ब वॅग्नर म्हणून नेच्यांचे मोठे अभ्यासक होते. बॉट्रिकियम या नेच्यांच्या चिमुकल्या जाती ओळखताना सगळे वैतागायचे, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी १९८३ मध्ये मांडलं की एकाच जीनसच्या अनेक जाती जिथे शेजारीशेजारी वाढतात त्या जागा शोधा. एकाच मातीत, एकाच हवेत राहूनही जे वेगळे राहतात, त्यांचा वेगळेपणा मातीने दिलेला नाही. बाग करून प्रयोग करायला वीस वर्षं लागणार असतील तर रानाने आधीच लावून ठेवलेली बाग वाचायची.

मला हा युक्तिवाद फार आवडला. मामांनाही आवडला असावा, कारण ते काही क्षण गप्प राहिले आणि मग दुसऱ्याच दाराने आत आले.

मामा : बरं, इथे हिकीआयची रोपं किती असतील? शे-दीडशे?

भाची : असतील.

मामा : शे-दीडशे साक्षीदार म्हणतेस तू. मी म्हणतो साक्षीदार एक. यांचं खोड जमिनीखाली आडवं पळतं आणि जागोजागी वर फांद्या काढतं. क्लॅव्हेटमचं निदान जमिनीवर दिसतं, यांचं मातीत खोल. ही सगळी रांग एकाच बीजाणूची असू शकेल. मघाशी मला कलमावरून टोकलंस ना? हीसुद्धा कलमंच आहेत, फक्त माळी नाही.

भाची : मान्य. एका पुंजक्याला एकच मोजायचं, हे आम्हीही पाळतो. म्हणून पुंजका सोडून पुढच्या पुंजक्याकडे जायचं, मग पुढच्या रानात. आणि हे रान तरी किती जुनं? हा दगडी बांध कशाला घातला होता माहीत आहे? मेंढरांना. एकोणिसाव्या शतकात व्हरमाँटचे डोंगर मेरिनो मेंढ्यांसाठी बोडके केले होते. लोक शेती सोडून गेले आणि रान परत आलं. आता राज्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. म्हणजे या कुरणावर जे पुंजके दिसतात ते मेंढरं गेल्यावर, बीजाणूंतून नव्याने आलेले. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांनी. तरी पुंजका गोल तरी असतो, नाहीतर चपटा.

मामा : गुणसूत्रं मोजली आहेत?

भाची : दोन्हींची ६८.

मामा : बघ!

भाची : वाघाची ३८ आणि सिंहाचीही ३८.

यावर मामा मनापासून हसले. शिकवणाऱ्या माणसाला चांगलं उत्तर मिळाल्याचा आनंद लपवता येत नाही.

मामा : हे नाव दिलं कोणी? हिकी कोण?

भाची : जेम्स हिकी, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ. १९७७ मध्ये त्यांनी ऑब्स्क्युरमचा हा सगळा गुंता तपासला आणि हा गोल प्रकार वेगळा काढला. ऑब्स्क्युरम, व्हरायटी आयसोफायलम.

मामा : व्हरायटी!

भाची : हो, तेव्हा व्हरायटी. पुढे १९८९ मध्ये वॅग्नर, बायटेल आणि मोरन या तिघांनी तिला स्वतंत्र जात केलं आणि हिकींचं नाव दिलं. २००३ मध्ये आर्थर हेन्स यांनी या झाडासारख्या सगळ्या लायकोपोडियमचा जीनसच वेगळा केला, डेंड्रोलायकोपोडियम.

मामा : थांब, थांब. ज्याच्या नावाने ही जात आहे तो माणूस स्वतः तिला जात म्हणत नव्हता! माझंच म्हणणं तो १९७७ मध्ये छापून बसलाय. फरक आहे, नोंदवा, व्हरायटीचं लेबल लावा. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? तुमच्या लोकांनी त्याला वरच्या इयत्तेत ढकललं आणि मान म्हणून त्याचंच नाव वर चिकटवलं.

इथे मामांनी बाजी मारली असं मला वाटलं. निदान वादापुरती तरी. भाचीचं उत्तर मात्र शांत होतं.

भाची : हिकींनी फरक नाकारला नव्हता, फरक दाखवला त्यांनीच. भांडण उरतं ते इयत्तेचं. त्यासाठी मी एकच बघते. दोघं एकत्र राहत असताना मधले नमुने निघतात का? व्हरायटी असतील तर एकमेकांत मिसळतील, निम्मे गोल निम्मे चपटे असे ढिगाने सापडतील.

मामा : आणि जातींमध्ये मधले निघत नाहीत? तुझ्या त्या पंख्यासारख्या फांद्यांच्या डिफॅजिअ‍ॅस्ट्रममध्ये दोन जाती एकत्र आल्या की संकर होतात, आणि त्या संकरांचे बीजाणूही चांगले भरलेले असतात. काल तूच दाखवलंस ना, डिजिटॅटम आणि ट्रिस्टॅकियमच्या मधलं हाबेररी? तरी तुम्ही त्यांना दोन जाती म्हणता. म्हणजे मधले निघाले तरी जाती आणि नाही निघाले तरी जाती. नियम कुठला?

भाची : तिथे संकर होतात, पण आईबापही आपापल्या रूपात टिकून राहतात. सगळा लगदा होत नाही. नियम एकच नाही, हे खरं आहे. या झाडासारख्या गटात मात्र तसं सरसकट मिसळणं दिसत नाही.

मामा : ‘सरसकट’ म्हणालीस. हा शब्द लिहून ठेवा हो, जावईबापू.

लिहून ठेवला.

पुढचा बराच वेळ दोघं तिसऱ्या भावाच्या शोधात होते. त्याचं नाव डेंड्रॉइडियम, मिशोने १८०३ मध्ये दिलेलं. त्याच्याबद्दल फारसा वाद झाला नाही, कारण तो बोटांनी ओळखता येतो. फांद्या फुटायच्या खाली खोड चिमटीत धरायचं. डेंड्रॉइडियमची खोडावरची पानं बाहेर वळलेली, ताठ आणि टोकेरी, ती बोचतात. हिकीआय आणि ऑब्स्क्युरमची खोडाला चिकटून असतात, हाताला मऊ लागतात. डेंड्रॉइडियमच्या फांदीवरच्या रांगाही वेगळ्या लागतात, वर दोन, बाजूंना दोन, खाली दोन. हेमलॉकच्या गर्दीत एकदाचं ते सापडलं. मामांनी चिमटीत धरलं, ‘बोचतंय’ म्हणाले आणि ती जात विनातक्रार मंजूर केली. जे बोचतं ते मान्य करायला माणूस पटकन तयार होतो.

मामा : हे असं असावं. पोराला सांगता येतं, हात लाव आणि बघ. जात म्हणजे काय, तर लक्ष देणाऱ्या साध्या माणसाला वेगळी दिसते ती. भिंग लावून, फांदी उलटून, रांगा मोजून जी कळते ती तज्ज्ञांची जात. अगं, स्पॉटिंगला बरणी ठेवली की पोरं रोप बघतच नसत. कुठल्या बरणीत काय आहे हे पाठ केलेलं असायचं. एकाच्या जागी तीन नावं दिलीस तर ती तीन नावं पाठ करतील. बघणार नाहीत. नावं वाढली की बघणारे कमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाची : बरणीतलं रोप कसं होतं, मामा?

मामा : कसं म्हणजे? फॉर्मॅलिनमधलं. पिवळं पडलेलं.

भाची : आणि हर्बेरियम शीटवरचं?

मामा : दाबलेलं, चपटं.

भाची : गोल फांदी दाबली तर?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : गोलही चपटी होते. वर पोटाची बाजू कागदाला चिकटली की खालची रांग दिसणार कशी? ज्या खुणेवर हे दोघं वेगळे होतात नेमकी तीच खूण दाबताना अवघड होऊन बसते. ऑब्स्क्युरमला लिनिअसने नाव दिल्यापासून दोनशेहून जास्त वर्षं हिकीआय त्याच्याच नावाखाली राहिलं. फरक बारीक होता हे एक कारण, पण रोपटं हातात जिवंत असताना फांदी उलटायची कोणाला गरज वाटली नाही, हे दुसरं. नाव एक असलं की माणूस उलटून बघत नाही. तुमची पोरं तीन नावं पाठ करतील म्हणता. मला उलटी भीती वाटते.

माझ्या मते दोघांचंही खरं आहे आणि दोन्ही भीती एकाच माणसात राहू शकतात. पण मामांनी विषय बदलला.

मामा : आपल्याकडचं सर्नुअम घे. पश्चिम घाटात ओल्या उतारांवर असतं, आफ्रिकेत असतं, दक्षिण अमेरिकेत असतं. सगळ्या उष्ण पट्ट्यात एकच नाव. रूपं किती! कुठे गुडघ्याएवढं, कुठे त्याच्या दुप्पट. त्याचे तुकडे पाडायची पाळी आली तर तुम्हाला जन्म पुरणार नाही.

भाची : त्यातल्या एखाद्याची फांदी उलटून बघायला मला आवडेल.

मामा : आणि यातून मिळणार काय? रोपट्याला काय फरक पडतो, त्याला हिकीआय म्हटलं काय आणि ऑब्स्क्युरम म्हटलं काय?

भाची : पडतो. डिसेंबर जवळ आला की लोक ही रोपटी ओरबाडून नेतात, नाताळच्या माळांसाठी. हिवाळाभर हिरवी राहतात आणि तोडल्यावरही लवकर सुकत नाहीत, म्हणून. लागवड होत नाही, कारण बीजाणूपासून वाढवायला तुमची अर्धी नोकरी लागते आणि उपटून लावलेलं बहुधा मरतं. जे विकलं जातं ते सगळं रानातलं. न्यू यॉर्क राज्याने म्हणूनच यांना संरक्षण दिलंय. आता एखाद्या रानात दोन जाती आहेत, एक ढिगाने आणि एक थोडी. माझ्या यादीत दोन्हींना एकच नाव असेल तर थोडी असलेली संपली तरी यादीत ढीगच दिसेल. यादीत नसलेलं नाहीसं झालं तर ते नाहीसं झाल्याचं कोणाला कळणार?

मामा : मग व्हरायटी म्हणून मोज ना. मोजायला कोणी अडवलंय?

भाची : यादीत व्हरायटी गाळतात. पहिली कात्री तिच्यावरच चालते.

मामा : म्हणजे तुझी ही जात शास्त्राची नाही, कचेरीची आहे!

भाची : थोडीशी कचेरीची आहे. नाही म्हणत नाही.

या उत्तराने मामांचा सूर बदलला. समोरचा एक पाऊल मागे आला की ते एक पाऊल पुढे येत नाहीत, हा त्यांचा गुण मी नंतरही पाहिला. त्यांनी भाचीकडून ब्लेड मागून घेतलं. टी.एस., म्हणजे आडवा काप, घ्यायची सवय बोटांत होतीच. परतीच्या वाटेवर ओढ्याच्या काठाला एक पुंजका होता, त्याच्या एका फांदीचा त्यांनी पातळ काप काढला, नखावर ठेवला आणि भिंगाखाली धरला.

मामा : ये इकडे. याची खालची रांग बघ.

भाची : आखूड आहे.

मामा : किती आखूड? बांधाजवळच्याची निम्म्याहून कमी होती. ही तेवढी नाही. आणि बाजूच्या पानांना पीळ?

भाची : आहे… किंचित.

मामा : तर मग? ऑब्स्क्युरम की हिकीआय?

भाची : कोवळी फांदी असेल. यंदाची वाढ नाही घ्यायची, मागच्या वर्षीची घ्या. आणि शेंड्याकडची नको, मधली.

मामा : घेतो. ही मागच्या वर्षीची. मधली. आता?

भाची बराच वेळ भिंगातून पाहत होती. मीही पाहिलं. मला हिरवं दिसलं.

भाची : ऑब्स्क्युरमकडे झुकतंय.

मामा : झुकतंय म्हणजे काय लिहिणार?

भाची : आणखी दोन पुंजके बघूया, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तिकडेही असंच निघालं तर…

मामा : तर?

भाची : तर तुम्हाला आणखी एक आठवडा राहावं लागेल.

मामा : तिकीट पुढच्या गुरुवारचं आहे. आज काय लिहितेस ते सांग.

भाची : फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत.

मामा : शेऱ्याचा रकाना असतोच की. तिथे लिही, ‘पाठ-पोट आहे, खालची रांग अर्धवट आखूड, फांदी मागील वर्षाची’. आणि नमुना घे. दाबू मात्र नकोस.